पुढचा आस

माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या अंगावर इंजन पालथं झालं, ही बातमी मला मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगरानं सांगितली. शिरूर कासारच्या पलीकडं आमचं गाव. ज्वारीची खळी उरकली होती आणि मी कडब्याची गंज रचत होतो. धनगर बहिणीच्या सासरच्या गावाकडून, पालीकडून आला होता. त्यानं आधी पाणी मागितलं, सावकाश प्याला, आणि मग म्हणाला की तुमचे दाजी जिवंत हायेत, पण पाय गेला. पाय गेला म्हणजे मोडला की कापला, हे त्याला सांगता येईना. मी गंजीवरून उतरलो, बैल जुंपले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो.

ट्रॅक्टरला तेव्हा आमच्याकडं कुणी ट्रॅक्टर म्हणत नव्हतं. इंजन म्हणायचे. निजामाच्या राज्यात, आमच्या त्या कोरड्या मुलखात, असं इंजन पंचक्रोशीत एकच होतं आणि ते माझ्या बहिणीच्या सासरी होतं. लोखंडी चाकं, मागच्या चाकांना हाताएवढाले लोखंडी दात, घासलेटवर चालायचं. कुण्या जहागीरदाराच्या मळ्यात ते दोन पावसाळे उघड्यावर पडून होतं. जहागीरदाराला त्याचा कंटाळा आला, आणि दाजींच्या थोरल्या भावानं ते ओढून पालीला आणलं.

या थोरल्यांबद्दल आधीच सांगतो, कारण मला पुढं शांतपणे लिहिता येणार नाही. आईबाप गेलेले, घरात दोघंच भाऊ. थोरले कारभार बघायचे, म्हणजे डोक्याला पटका बांधून बीडला जायचे, कचेरीतल्या लोकांशी उर्दूत बोलायचे आणि गावात येऊन कोण काय म्हणालं ते सांगायचे. धाकटे आमचे दाजी शेत बघायचे. इंजन आणलं थोरल्यांनी, पण ते चालू केलं दाजींनी. हात काळे करून, खोलून, पुसून, पुन्हा जोडून. आदल्या वर्षी मी तिथं राहून त्यांच्या हाताखाली चालवायला शिकलो होतो. इंजन सुरू झालं की गाव गोळा व्हायचं, आणि थोरले त्याच्या पुढं उभे राहायचे, जणू ते त्यांच्याच छातीत धडधडतंय.

मी पोचलो तेव्हा बहीण ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. ती रडत नव्हती. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं. दाजी बाजेवर. गुडघ्याखाली पायाला हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या आवळून बांधलेल्या. पाय सुजून मांडीएवढा झाला होता. मला बघून ते ओशाळल्यासारखे हसले आणि आमच्या ज्वारीचं विचारायला लागले. कणसं भरली होती का, चिमण्यांनी किती खाल्ली. मी त्यांना विचारलं की झालं कसं. ते म्हणाले, "झालं काहीतरी. जाऊ द्या."

झालं कसं ते बहिणीनं मला गोठ्यामागं नेऊन सांगितलं.

इंजनाचा पुढचा आस हा बैलगाडीच्या आसासारखा दोन्हीकडं घट्ट बसवलेला नसतो. तो बरोबर मध्यावर एका जाड पिनेवर टांगलेला असतो, तराजूच्या दांडीसारखा. एक चाक ढेकळावर चढलं की ती बाजू वर जाते, दुसरी खाली जाते, आणि वरचं धूड जागच्या जागी सरळ राहतं. ती पिन गंजून धरली की आस हालायचा बंद होतो. मग एक चाक वर चढलं की अख्खं इंजनच कलतं. जहागीरदाराच्या मळ्यात दोन पावसाळे काढल्यावर ती पिन धरली होती. दाजींना ते पहिल्याच नांगरणीत कळलं होतं. सपाट रानात फारसं जाणवत नव्हतं, पण बांध आला की इंजन झुकायचं. त्यांनी थोरल्यांना सांगितलं होतं, एकदा नाही, पुन्हापुन्हा. इंजन उभं करू, खोलू, पिन मोकळी करू, मग नांगरू. थोरल्यांनी गावात तोंड भरून सांगून ठेवलं होतं की नदीकडचं उताराचं रान आपण या उन्हाळ्यात इंजनानं उलटं करणार. ते थांबायला तयार नव्हते. लोखंड हाय, कुरकुर करणारच, असं म्हणाले. आणि दाजी नाही म्हणू शकले नाहीत. त्यांना कधी कुणाला नाही म्हणता आलंच नव्हतं.

बिंदुसरा नदीकडच्या त्या उतारावर बांध ओलांडताना वरच्या बाजूचं चाक बांधावर चढलं आणि इंजन खालच्या अंगाला पालथं झालं. दाजींनी उडी मारली. बाकी अंग सुटलं, एक पाय चाकाखाली राहिला. गडीमाणसांनी पहारी लावून इंजन उचललं तेव्हा थोरले काठावर उभं राहून ओरडत होते, सुकाणू वाकेल, सुकाणू सांभाळा. हे सांगताना बहिणीचा आवाज पहिल्यांदा फाटला. "माणूस खाली हाय," ती म्हणाली, "आन् ह्यो सुकाणू बघतोय."

माझ्या डोक्यात कसलातरी आवाज व्हायला लागला. पण मी मुलीकडचा माणूस. आमच्यात बहिणीच्या सासरी भावानं आवाज चढवायचा नसतो. आपण रागावून निघून येतो, आणि तो राग मागं बहिणीच्या ताटात वाढला जातो. म्हणून मी गोठ्यामागंच उभा राहिलो, राग जरा उतरेपर्यंत. तो उतरला नाही. तसाच ओसरीवर गेलो.

थोरले आले. मला जवळ बसवलं, पानाचा डबा पुढं केला. म्हणाले की पाव्हणं, बरं झालं आलात, तुमच्यासाठीच माणूस पाठवणार होतो. मला वाटलं, आता भावाबद्दल काही बोलतील. ते बोलले दौऱ्याबद्दल. तालुकदारसाहेब, जिल्ह्याचे मोठे हाकीम, मांजरसुंब्याकडून बीडला जाताना पालीला थांबणार होते आणि इंजन बघणार होते. इंजन परत चाकावर उभं केलेलं होतं, सुरूही होत होतं. चालवणारा तेवढा हवा होता. त्यांचं म्हणणं असं की मी राहावं आणि साहेबांसमोर तो उताराचा पट्टा नांगरून दाखवावा. तोच पट्टा. तोच बांध.

मी म्हणालो की आस जाम आहे, तो मोकळा केल्याशिवाय बसणार नाही.

थोरले हसले. "आसाला काय धाड भरलीया? तुमच्या दाजीची नजर चुकली. ते काय आज भोळं हाय का?"

दाजी तिथंच बाजेवर होते. त्यांनी ऐकलं. ते कडीपाटाकडं बघत राहिले. मला थोरल्यांपेक्षा त्या क्षणी दाजींचा जास्त राग आला. आत दाराआड बांगड्या वाजल्या. बहीण तिथं उभी होती. भायासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बाई बोलत नाही. पदर पुढं ओढून सरकायचं, काही सांगायचं तर भिंतीला सांगायचं, ही रीत.  पण मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा माझा दंड तिनं इतका जोरात धरला की बोटं उठली. म्हणाली, "तू जर तसाच बसलास, तर मी इंजनाच्या म्होरं आडवी पडते."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत मी इंजनाशी गेलो. ते लिंबाखाली उभं होतं. मी पुढच्या एका चाकाखाली पहार घालून चाक उचललं आणि त्याखाली दगड सरकवला. आस मोकळा असता तर दुसरं चाक जमिनीवर टेकूनच राहिलं असतं. ते उचललं गेलं. अख्खं इंजन कललं आणि तसंच राहिलं, लंगड्या बाजेसारखं. मी थोरल्यांना बोलावून ते दाखवलं. त्यांनी बघितल्यासारखं केलं. साहेब येईपर्यंत काय करायचं ते करा, पण इंजन खोलून पसरून ठेवाल तर चालणार नाही, असं बजावून ते गेले. 

मी आणि एका गड्यानं दाजींची बाज उचलून लिंबाखाली आणली. त्यांना यायचं नव्हतं. पाय हालला की कळ मस्तकात जायची. पण मला इंजन चालवता येत होतं, खोलता येत नव्हतं. म्हणून ते आले, आणि पडल्यापडल्या सांगायला लागले. आधी पुढच्या धुडाखाली ओंडके रचून ते तोलायचं, म्हणजे आसावर भार राहणार नाही. मग चाकं काढायची. मग पिनेला अडवणारी खीळ ठोकून काढायची. खीळ निघाली. पिन तसूभर हालली नाही.

घासलेट ओतलं. संध्याकाळी ओतलं, सकाळी ओतलं. लोहाराकडून घण आणला, आणि पिनेच्या मागं टेकवायला तिच्यापेक्षा जरा कमी जाडीचा लोखंडी तुकडा आणला. गडी तो तुकडा चिमट्यानं धरायचा आणि मी घण मारायचा. घण मारताना मला पिन दिसत नव्हती. मला पानाचा डबा पुढं करणारा तो हात दिसत होता. तळहाताला फोड आले, ते फुटले, घणाचा दांडा चिकट झाला. पिन तशीच.

मग दाजी म्हणाले की तापवा. आसाच्या मधल्या भागाभोवती गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, टाकीतलं घासलेट आधीच काढून लांब ठेवलं होतं. बाहेरचं लोखंड तापून फुगतं, आतली पिन तेवढी तापत नाही, मधे केसाएवढी जागा होते. दुपारचं ऊन, त्यात ती धग. बहीण पाण्याची घागर घेऊन आली आणि तिथंच थांबली. गोवऱ्या बाजूला सारल्या आणि मी मारायला लागलो.

दाजींमधला बदल तेव्हा झाला. सुरुवातीला ते हळू आवाजात सांगत होते, असं मारा, तिकडून मारा. मग ते पिनेला शिव्या द्यायला लागले. नंतर त्या शिव्या पिनेच्या राहिल्या नाहीत. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण किती वेळा सांगितलं, पाया पडून सांगितलं, ऐकलं का, असं ते दर घावामागं म्हणायला लागले. बाजेचा काठ त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि मानेच्या शिरा ताणल्या होत्या. "मार," ते म्हणाले. मला ते नेहमी अहो-जाहो करायचे. "मार, थांबू नको. मार बे."

घणाचा आवाज बदलला. आतापर्यंत तो टणटण होता, आता दबका झाला. बहीण म्हणाली, हालली. खरंच पुढच्या बाजूनं पिनेचं डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं बाहेर आलं होतं. पुढच्या घावांनी ती बोटभर आली, मग वीतभर, आणि शेवटी धाडकन निखाऱ्यांत पडली.

पिन तांबेऱ्यासारखी लाल झाली होती. एका अंगानं झिजून चपटी. ग्रीस भरायचं भोक होतं, ते मी तारेनं कोरलं तर आतून कडक माती निघाली, भाजलेल्या मडक्यासारखी. कुंभारमाशीचं घर. उघड्यावर पडलेल्या त्या दोन पावसाळ्यांत कधीतरी माशीनं त्या भोकात घर केलं होतं, आणि त्यानंतर भोकापर्यंत ग्रीस काय, कुणाचं बोटसुद्धा पोचलं नव्हतं. दाजींनी ग्रीस मागितलं होतं, ते थोरल्यांनी कधी आणलंच नव्हतं.

ती पिन आणि ती माती एका टोपलीत घालून मी थोरल्यांपुढं ठेवली. ओसरीवर गावातली काही माणसं बसली होती. थोरल्यांनी माती बोटानं चाळवली, माणसांकडं बघितलं आणि हसले. "म्हणजे माशीनं केलं म्हणा की."

माणसंही हसली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या मागून बहीण पुढं आली. डोक्यावर पदर होता, पण तोंडावर नव्हता. ती सरळ भायाकडं बघत होती. ओसरीवरच्या माणसांनी माना खाली घातल्या.

"माशीनं घर केलं," ती म्हणाली. "इंजनावर बस म्हणून माशीनं सांगितलं न्हाई. ह्यांनी तुमास्नी सांगितलं हुतं, आस धरलाय. मी चुलीपाशी बसून ऐकलंय. तुमी म्हणला, लोखंड हाय. आता ह्यो पाय बी लोखंडाचा करून द्या."

ती ओरडली नाही. वाक्य संपल्यावर तिथंच उभी राहिली. थोरल्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळवंडला. ते तिच्याशी बोललेच नाहीत. ते तिच्यावरून पलीकडं, लिंबाखालच्या बाजेकडं बघून ओरडले, "बायकोला आवर बे!"

बाज तिथून दूर नव्हती. दाजींचं उत्तर सगळ्यांना ऐकू आलं.

"न्हाई आवरत."

एवढंच. आयुष्यात थोरल्या भावाला ते पहिल्यांदा नाही म्हणाले.

थोरले घोंगडं झटकून आत गेले.  मी निघून जायच्या विचारात होतो. इंजन तसंच ओंडक्यांवर सोडायचं, मग बसा साहेबाला ओंडके दाखवत. दाजींनी मला अडवलं. म्हणाले की पाव्हणं, हे त्याच्यासाठी करू नका. उद्या ह्याच्यावर कुणीतरी बसणारच हाय, कुण्या आईचं लेकरू. त्याचा पाय राहू द्या.

म्हणून मी पुढचं काम केलं, दात खाऊन केलं. पिन विटेच्या भुकटीनं आणि तेलानं घासून लख्ख केली. झिजलेली बाजू वर येईल अशी फिरवून बसवली. भोक स्वच्छ केलं आणि ग्रीस गावात नव्हतं म्हणून एरंडेलात चरबी कालवून ती ठासली. आस बसवल्यावर तो पुढंमागं सरकत होता आणि ठकठक वाजत होता. दाजींनी पत्र्याच्या चकत्या कापायला लावल्या. एक घातली तरी वाजायचं, जास्त घातल्या की पुन्हा आवळून बसायचं. घालून, काढून, पुन्हा घालून, शेवटी असं जमलं की हातानं दाबलं तर आस डुलेल पण सरकणार नाही. मग चाकांचा रोख. पालथं झाल्यामुळं दोन चाकांना जोडणारा दांडा वाकला होता आणि चाकं एकमेकांकडं पाठ करून उभी होती. दांडा तापवून सरळ केला. दोन चाकांमधलं अंतर पुढून दोरीनं मापलं, मागून मापलं, आणि पुढं किंचित कमी भरेपर्यंत दांड्याची लांबी फिरवत राहिलो.

शेवटी पुन्हा चाकाखाली दगड सरकवला. या वेळी एक चाक चढलं, दुसरं जमिनीवरच राहिलं, आणि वरचं धूड हाललंसुद्धा नाही. दाजींनी डोळे मिटून घेतले. ते समाधान होतं की दुःख, मी विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते. आधी करता आलं असतं. माझा राग त्या क्षणाला सगळ्यात जास्त होता.

साहेब आले. मोटार धुरळा उडवत आली, गावानं तोरणं बांधली होती. मी इंजन त्या उतारावर नेलं आणि तो बांध ओलांडला. आस डुलला, इंजन सरळ राहिलं. साहेब छत्रीखाली चहा पीत होते आणि त्यांच्या कारकुनाशी बोलत होते. बांध ओलांडताना ते बघत होते की नाही, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. थोरल्यांनी उर्दूत बरंच काही सांगितलं. साहेबांनी मान हालवली, शाबास म्हणाले, आणि मोटार गेली. घरात बाजेवर एक माणूस आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी इंजन तिथंच नांगराच्या ओळीत बंद केलं, उतरलो आणि चालत घरी आलो. ते परत कोण आणणार, मी विचारलं नाही.

पावसाळ्याआधी त्या घरात दोन चुली झाल्या. वाटणीत बहिणीकडं नदीकडचं उताराचं रान आलं, दगडगोट्यांचं. चांगलं काळं रान थोरल्यांकडं राहिलं, इंजनही. ओसरीवर तोंड उघडल्याची ती किंमत होती, आणि बहिणीनं ती एकदाही बोलून दाखवली नाही. दाजींचा पाय जुळला पण आखूड जुळला. ते पुढं बैलांवरच शेती करत राहिले, आणि चांगली केली. इंजनावर ते पुन्हा बसले नाहीत. थोरल्यांनी बीडहून एक चालवणारा ठेवला होता. तो सुखरूप राहिला, एवढंच मला माहीत आहे. लढाईच्या दिवसांत घासलेट मिळेनासं झालं आणि इंजन पुन्हा उघड्यावर उभं राहिलं.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात थोरले मला जेवणाच्या पंगतीत भेटले. म्हातारे झाले होते, पटका तसाच होता. शेजारच्या माणसाला ते इंजनाची गोष्ट सांगत होते. पुढचा आस कसा धरला होता, आपण तो कसा ओळखला, गोवऱ्या लावून कशी पिन काढायला लावली. शेजारचा माणूस कौतुकानं ऐकत होता. भावाचा पाय त्या गोष्टीत कुठंच नव्हता. माझ्या पानात बुंदी वाढलेली होती. मी पानावरून उठलो. यजमान धावत आला, काय कमी पडलं म्हणून विचारायला लागला. मी त्याला सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही, मला ह्या माणसाच्या पंगतीला जेवायचं नाही. हे मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. थोरल्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग पुन्हा शेजाऱ्याकडं वळून गोष्ट पुढं सुरू केली.